पांढरा पडलेला डोळा

बाई,

यंदा मी एका कुत्र्याचं चित्र केलं, तैलरंगात. पळसदरीच्या एक काकू मोबाइलवर फोटो घेऊन आल्या होत्या. लेक लग्न होऊन नाशिकला गेली. पिल्लापासून तिनं वाढवलेला कुत्रा आता म्हातारा झालाय, फ्लॅटवर नेता येत नाही, निदान चित्र तरी तिच्या घरात असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. "पन ताई, एक डोळा पांढरा पडलाय त्याचा. तेवढा चांगला काढा. लेकीला वाईट वाटंल नायतर." मी हो म्हटलं.

फोटो अंधुक होता, म्हणून त्यांच्या पडवीतच जाऊन बसले. कुत्रा एका जागी ठरेना. शेवटी काकू भाकरी थापायला बसल्या, तसा चुलीकडे तोंड करून बसला. आणि मी मनानं थेट तुमच्या कर्जतच्या स्वयंपाकघरात, चित्रकला शिकायला आलेली. रविवार आहे, ओट्यावर तुमचा कुकर, खिडकीशी माझा कॅनव्हास, जवसाच्या तेलाचा आणि फोडणीचा वास एकमेकांत मिसळलाय. मी तुमच्या कुत्रीचा एकेक केस रंगवतेय आणि तुम्ही माझ्या हातातला बारीक ब्रश काढून घेताय. "केस मोजतेस का गं? आधी तिच्या अंगावर उजेड कुठे पडलाय ते बघ. केस शेवटी, तेही थोडेच." तेव्हा मला फार राग आला होता. या वेळी मी आपणहून मोठा ब्रश घेतला. निळ्यात तपकिरी घालून त्याच्या अंगाचा काळा रंग केला, थर नीट वाळू दिले. डोळ्यापाशी मात्र हात थांबला. काकूंना हवा तसा चांगला डोळा काढला, तर तोंड भलत्याच कुत्र्याचं दिसायला लागलं. तो पुसला आणि होता तसाच काढला, दुधाळ, निळसर.

लेक माहेरी आली तेव्हा चित्र घेऊन गेले. काकूंचा चेहरा उतरला. लेक जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आई, हा आपलाच हाय गं. मी निघाले तेव्हा असाच बघत होता." काकू आत गेल्या आणि आतूनच त्यांनी विचारलं, "ताई, चहात साखर किती घालू?"

हे पत्र आता कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही गेल्यापासून आजवर चित्र संपलं की बाई काय म्हणाल्या असत्या, हेच आधी मनात यायचं. या वेळी आलं नाही. तुमची आठवण झाली ती दोन-तीन दिवसांनी, ब्रश धुताना.