खडखड थांबली तेव्हा

आबा,

गेल्या आठवड्यात आपल्या गॅरेजात एक लाल स्पोर्ट्स कार आली. इतकी बुटकी, की प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून सायलेन्सर घासायचा, आणि चालताना सारखी खडखड. घेऊन आलेले गृहस्थ भाट्याचे, जन्मभर बोटीवर नोकरी केलेले. गाडी त्यांच्या मुलाची. मुलगा गणपतीनंतर आजारपणात गेला. विकायची आहे का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "नाही. एकदा मंडणगडला न्यायची आहे. आजीला दाखवतो म्हणाला होता, राहून गेलं." गाडी उंच मात्र करायची नव्हती. त्यानं हौसेनं तशी ठेवली होती.

मी खाली शिरले. सायलेन्सरचा पाइप टांगणारं मागचं एक रबर तुटलेलं, त्यामुळे पाइप एकीकडे लोंबत होता आणि दुसरीकडे चासीला टेकत होता. तुमच्या हाताखाली लागले त्या वर्षी एका जीपचा पाइप मी वर दाबून गच्च आवळला होता. तुम्ही इंजिन सुरू केलंत. पाइप तापला, खडखड पुन्हा सुरू. "थंड असताना सगळंच नीट बसतं, बाय," तुम्ही म्हणालात, "तापल्यावर हलायला त्याला जागा ठेव." दुपारी मी रागानं जेवणाचा डबा उघडला नाही. तुम्ही तुमच्यातला तळलेला बांगडा माझ्यापुढे सरकवलात आणि पाठ फिरवून जेवलात.

या वेळी सगळे जोड सैल केले, नवी रबरं घातली, बोट जाईल एवढी फट ठेवून पुढून मागे आवळत आले. इंजिन चांगलं तापू दिलं. आवाज नाही. गृहस्थांनी मला शेजारी बसवून भाट्याच्या पुलापर्यंत गाडी नेली. कुठे घासली नाही. पुलाअलीकडे त्यांनी ती बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. मी खाडीकडे बघत राहिले. तुम्ही गेलात तेव्हा मला असं रडता आलं नव्हतं. लोकांच्या गाड्या अडकल्या होत्या, तिसऱ्या दिवशी शटर उघडलं.

परतताना त्यांनी विचारलं, हे काम कुणाकडून शिकलीस? वडिलांकडून, म्हटलं. आता गॅरेजात येत नाहीत, घरीच असतात, असंही सांगितलं. "त्यांना माझा नमस्कार सांग," ते म्हणाले. सांगते, म्हटलं.

तुम्ही नाही, हे अनोळखी माणसाला मला अजून सांगता येत नाही, आबा. हा कागद कुठे धाडायचा नाही. तेवढा नमस्कार सांगायचा होता.