वाणातलं पुस्तक

३१ डिसेंबर १९६१
पुस्तक आलं. 'दुधाची खूण', कथासंग्रह. पुण्याच्या छापखान्याने दोन पेट्या पाठवल्या, त्या माझ्या कॉटखाली आहेत. पानं जोडलेलीच आहेत, वाचकाने सुरीने कापायची. मालक कळवतात की नव्या लेखिकेने खपासाठी स्वतः हातपाय हलवावेत. ठीक. मी कारखान्यात ट्रेसर आहे, इंजिनिअरांचे नकाशे शाईने उतरवते, काम आखून करते. संकल्प : संक्रांतीपर्यंत कारखान्याच्या कॉलनीतल्या प्रत्येक मराठी घरात एक प्रत. रथसप्तमीपर्यंत दुसरी आवृत्ती.

दादाने पुस्तक उलटंपालटं करून बांधणी मजबूत आहे म्हटलं. तो इंजिनिअर आहे. वहिनींनी हात पुसून ते घेतलं आणि देवापुढे ठेवलं. वहिनी काही वाचत नाहीत. सोयीचं आहे.

२ जानेवारी १९६२
सोयीचं एवढ्यासाठी, की पहिल्या कथेतली भावजय दुधाच्या पातेल्यात आतून खिळ्याने रेघ मारते. कामावर जाणाऱ्या नणंदेने त्या रेघेखालचं दूध घेऊ नये म्हणून. आमच्या पातेल्यातही अशी रेघ आहे. पण कथेतली भावजय साताऱ्याची. आमच्या वहिनी कऱ्हाडच्या. शिवाय कथेतलीच्या हनुवटीवर तीळ आहे. संबंध नाही.

५ जानेवारी
जाहिरात तयार. ट्रेसिंगवर शाईने अक्षरं काढली, कोपऱ्यात नाव आणि प्रमाण १:१ अशी चौकट. प्रिंटरूममधल्या नरहररावांनी निळ्या कागदावर प्रिंटा काढून दिल्या. दूधकेंद्र, बसस्टॉप आणि वाण्याच्या भिंतीवर लावल्या. अक्षरं निर्दोष आहेत.

६ जानेवारी
लोक थांबून वाचत होते. मी स्वतः पाहिलं.

७ जानेवारी
काल रात्री सगळ्या कॉलनीने बादल्या, पिंपं, अंघोळीचे बंबसुद्धा भरून ठेवले. शेजारच्या लीलावतीकाकू विचारायला आल्या की पाणी नक्की किती दिवस बंद. निळा कागद आणि रेखीव अक्षरं म्हणजे कारखान्याची नोटीस, म्हणजे नळ बंद, अशी इथली समजूत. खालचा मजकूर कुणी वाचला नव्हता. निष्कर्ष : जाहिरात परिणामकारक आहे. मजकुरात किंचित सुधारणा हवी.

१० जानेवारी
जुन्या शहरात, इब्राहिमपुऱ्यातल्या पुस्तकवाल्याकडे गेले. म्हातारा गृहस्थ, फार अदबीने बोलला. म्हणाला, बेटी, पाच फरवरी को आठों ग्रह इकट्ठे हो रहे हैं, दुनिया बच गई तो मराठी भी बेच लेंगे. तरी दोन प्रती ठेवून घेतल्या. निघताना पाहिलं, एक डगमगणाऱ्या स्टुलाखाली सरकवली होती. दुकानात पाय रोवला, असं म्हणता येईल.

११ जानेवारी
उपाय सापडला. संक्रांतीला वहिनींचं हळदीकुंकू आहे. या कॉलनीतलं त्यांचं पहिलंच. वाण म्हणून लुटायला त्यांनी माहेराहून पितळी करंडे मागवलेत, दुपारभर चिंचेने घासून ठेवलेत. करंडे सगळ्यांकडे असतात. पुस्तक कुणाकडे नाही. वाण नाकारता येत नाही. शिवाय बायका ते जपून ठेवतात.

वहिनींना तसं सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. हेच पुस्तक द्यायचं का, असं त्यांनी विचारलं. माझं एकच आहे, असं मी म्हटलं. मग म्हणाल्या, बरं वन्सं, तुमचं नाव होईल. पुन्हा लाटायला लागल्या. पोळी फाटली.

करंडे परत पेटीत गेले.

१४ जानेवारी
हळदीकुंकू झालं. पूर्ण यश. वहिनींनी प्रत्येकीला हळदीकुंकू लावून, तिळगूळ देऊन, माझं पुस्तक स्वतःच्या हाताने ओटीत घातलं. लीलावतीकाकूंनी पुस्तक हातात तोलून वहिनींना विचारलं, सिंधू, यात पोह्यांची कृती आहे का गं? वहिनी म्हणाल्या, दुधाची आहे. बायका हसल्या. मीही हसले. वहिनींना विनोद करता येतो, हे मला माहीत नव्हतं.

त्यांना दूध कुठून माहीत? मुखपृष्ठावर आहेच म्हणा.

१९ जानेवारी
पुस्तक वाचलं जातंय. नळावर ऐकलं. काकूंनी वहिनींना विचारलं, काय सिंधू, आज चहात रेघेच्या वरचं दूध की खालचं? दुसरी म्हणाली, अगं, पट्टी घेऊन मोजते ती. तोंडोतोंडी होणारा प्रचार सगळ्यात स्वस्त, असं छापखान्याच्या मालकांनी लिहिलंच होतं.

वहिनी घागर भरून सरळ घरी आल्या. मी दुसऱ्या वाटेने आले. त्या वाटेने अंतर जास्त पडतं, पण व्यायाम होतो.

२३ जानेवारी
वहिनी हल्ली नळावर पहाटे जातात. गर्दी टाळायला. पाण्याचा जोर पहाटे चांगला असतो.

२८ जानेवारी
घरात पातेलं बदललं. नव्याला रेघ नाही. जुन्यात डाळी भरल्यात. चांगलं झालं, आता प्रश्नच मिटला. मात्र सकाळी सातला कामावर निघताना दूध संपलेलं असतं. कॉफी काळी प्यावी लागते. वहिनींनी रतीब कमी केला असावा. काटकसर. लेखिकेने असल्या गोष्टींत पडू नये.

५ फेब्रुवारी
ग्रह एकत्र आले. चौकात होम चालू होता. दादाने रजा टाकली नाही. जग बुडालं नाही. कॉफी काळी.

११ फेब्रुवारी, रथसप्तमी
लीलावतीकाकूंचं हळदीकुंकू. वाण रंगीत कागदात बांधलेलं होतं. घरी येऊन सोडलं. माझंच पुस्तक. काकूंनी बहुधा न बघता गुंडाळलं असेल, असं मी ठरवत होते. मग पानं पाहिली. सगळी जोडलेली. फक्त पहिल्या कथेची कापलेली, कडेला हळदीची बोटं.

वहिनींनी पाहिलं. मी म्हटलं, कथेतली बाई साताऱ्याची आहे. त्या म्हणाल्या, वाचली मी, ज्या दिवशी पेट्या आल्या त्याच दुपारी. देवापुढून पुस्तक उचललं, त्याची तेवढी देवाची माफी मागितली. मग दाराकडे बघून हळूच सांगितलं की ह्यांना रात्री उठून दूध प्यायची सवय आहे. सगळं संपवतात. रेघ त्यांच्यासाठी होती. रेघेखालचं ठेवायचं, वन्संना सकाळी कॉफीला लागतं, असं त्यांना बजावलं होतं. बायकांनी चिडवल्यावर पुन्हा रेघ मारायचा धीर झाला नाही.

दिवसभर दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा वाचणं हे माझं काम आहे. त्याचा पगार घेते.

वहिनींना पुष्कळ काही म्हणायचं होतं. करंडे सुंदर होते, एवढंच तोंडातून आलं. त्या म्हणाल्या, हो, होते.

१२ फेब्रुवारी
काल झोपण्यापूर्वी ऑफिसच्या डिव्हायडरच्या टोकाने नव्या पातेल्यात आतून रेघ मारली. सरळ, बारीक, योग्य उंचीवर.

सकाळी दूध रेघेपर्यंत होतं. दादा पातेलं उजेडात धरून विचारत होता, ही रेघ कुणी मारली. वहिनींनी माझ्यापुढे कॉफी ठेवली. दुधाची.

लेखिकाबाईंनी, म्हणाल्या. दुसरी आवृत्ती आहे.