दुरून लावलेला हात

कुरुंदा, दि. ५ मार्च २००१

चि. सपनास दादाचा सप्रेम जयभीम.

आमी खुशाल. तू नांदेडला नर्स झालीस म्हणून लई मिरवू नको, तुझा भाऊ बी आता हातानं दुखणं पळवतो. वसमतला दोन दिवसांचा रेकीचा वर्ग केला. सुई न्हाई, गोळी न्हाई. नुसते हात ठेवायचे, विश्वातली शक्ती आपल्यातून वाहते. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, तळहात गरम लागला की समजावं काम होऊन राहिलं.

हळदीच्या वावरात मायच्या टाचेत काटा मोडला. पाय सुजलाय, पण मी रोज हात ठेवतो. परवापासून असा चटका बसतो की विचारू नको. माय म्हणते, आता दुखत बी न्हाई. ते ऐकून शेजारची पारुबाई मान दाखवायला आली.

लोभ असू दे, थोडा हेवा बी कर.

तुझा दादा,
धम्मानंद

नांदेड, दि. ८ मार्च

ती. दादास सपनाचा जयभीम.

तुझं पत्र आत्ताच वाचलं. तो चटका तुझ्या हाताचा न्हाई, मायच्या पायाचा आहे. आत पू झालाय. मायला शुगर आहे, दुखत न्हाई म्हणजे पाय बधिर झालाय. एवढा शिकलेला मास्तर तू, तुला काहून कळलं न्हाई?

फोन लागंना, मला सुट्टी मिळंना. म्हणून हे पत्र हिरासिंग कंडक्टरच्या हाती देते. त्याच्याच बसनं मायला घेऊन ये. मी दवाखान्याच्या दारात उभी राहते.

माझा राग मनावर घेऊ नको, पण आजच निघ.

सपना

कुरुंदा, दि. १४ एप्रिल

चि. सपनास अनेक आशीर्वाद व जयभीम.

आज जयंतीला माय घरापासून विहारापर्यंत स्वतःच्या पायानं आली. सावकाश आली, पण माझा हात धरला न्हाई. दोन दिवस उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता, हे डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानातून जात न्हाई. म्हणून विहारात सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती. पारुबाईलाही दवाखान्यात पाठवलं.

मायनं मात्र मला पुरतं बोलू दिलं न्हाई. उठून सांगू लागली की पोरगं रोज हात ठेवून बसलं तरी त्याला कळलं न्हाई, अन् पोरीनं नांदेडात बसून, नुसतं पत्र वाचून पाय वाचवला.

वसमतच्या बाईंचा निरोप आलाय, दुसऱ्या वर्गात दुरून उपचार करायला शिकवतात. मी कळवलं, येत न्हाई. आमच्या घरात ते एकीला आधीच येतं.

आता हेवा करायची पाळी माझी.

तुझा,
धम्मानंद