तिसऱ्यो आणि तुमचा मुतखडा

बाबा, तुमचा मुतखडा तिसऱ्यो खाऊन झालेला नव्हता. हे विधान मी आता सिद्ध करू शकतो. ते ऐकायला तुम्ही नाही, एवढीच अडचण आहे.

साखळीच्या शाळेत तुम्ही मुलांना वादविवाद शिकवीत होता: आधी पुरावा, मग निष्कर्ष. त्या शुक्रवारी म्हापशाचा बाजार करून मामा आला, पिशवीत आईच्या माहेरच्या, पेडण्याच्या नदीतल्या तिसऱ्यो, चिखलातले ते शिंपले, अजून ओले. तुम्ही नुकतेच इस्पितळातून घरी आलेले, काढलेला खडा बाटलीत घेऊन. आई विळीवर शिंपले उघडते आहे आणि तुम्ही दारातून म्हणता, "ह्या कपच्यांनीच म्हज्या पोटांत फातर केलो. बायलेन घोवाक फातर खावयलो, आनी भाव आनीक घेवन आयला."

बायकोने नवऱ्याला दगड खाऊ घातला, ही मामाला थट्टा वाटली. "भावजी, फातर तुमच्या तोंडांत आसा, पोटांत न्हय."

तुम्ही पिशवी अंगणात ओतली. मामा पुन्हा आला नाही. आईने त्यानंतर तिसरीला हात लावला नाही.

मी पुढे स्फटिकांचाच अभ्यास केला. तिसरी आपला शिंपला चुन्याचा घडवते. त्यासाठी ती प्रथिने पाझरते, आणि स्फटिक कुठे धरावा, कोणत्या दिशेने वाढावा, कुठे थांबावा, हे ती प्रथिने ठरवतात. मूत्रातही अशी प्रथिने असतात. ती कोवळ्या स्फटिकाच्या पृष्ठाला चिकटून त्याची वाढ रोखतात. तुमच्या देहात हा आवर बहुधा अपुरा होता. बाटलीत जपून ठेवलेला तुमचा खडा मी तपासला. तो ऑक्झलेटचा आहे. त्यात शिंपल्याचा चुना नाही. चिखलातल्या एका जीवाला जे साधते ते तुमच्या मूत्रपिंडाला साधले नाही, आणि शिक्षा आईने भोगली.

गेल्या महिन्यात मी तिसऱ्यो आणल्या, ओले खोबरे घालून सुके केले, आईपुढे ताट ठेवले आणि हे सारे तिला क्रमाने समजावले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"खरें आसतलें तुजें, पुता. पूण तांकां आवडचें ना."

"ते आता नाहीत, आई."

"म्हूण कितें जालें?" तिने ताट बाजूला सरकवले.

हे पत्र कुणाच्या हाती जायचे नाही, म्हणून एवढे लिहितो. तिने ताट सरकवले तेव्हा मला बरे वाटले. ती जेवली असती, तर तुमच्याविरुद्ध माझ्यापाशी काही उरले नसते.