सेवालाल नाईकाच्या खळ्यातले आठ वजीर

इंझोरी, ता. ९ मे १९५७

चि. उदयसिंग यास थोरला भाऊ हेमसिंग याचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. उन्हाळ्यामुळे आईचा गुडघा शांत आहे आणि शाळेला सुटी असल्यामुळे माझं पित्त शांत आहे. तुझ्या पोटाचं काय झालं ते कळव. (कलकत्त्यात तू दोन्ही वेळा भात खातोस हे आईला अजून सांगितलेलं नाही. तुला भाकरी पचेनाशी झाली असं वाटून ती उपास धरेल.)

तुझं फाल्गुनातलं पत्र मिळालं, आणि त्याने इकडे काय घडवलं ते सविस्तर लिहितो. पोहरादेवीच्या सेवालाल नाईकाकडे तुझी बोलणी चालली होती (मुलगी गोमतीबाई, चौथी पास) हे तुला ठाऊक आहेच. मुलगा काय करतो, असं नाईकाने विचारलं. मी अभिमानाने तुझं पत्रच काढून वाचलं. मशीन खोलीएवढं आहे, त्याला आम्ही भोकं पाडलेल्या कार्डांवरून हुकूम देतो, आणि आता त्याच्याकडून बुद्धिबळाचं जुनं कोडं सोडवून घेणार आहे: पटावर आठ वजीर असे बसवायचे की कोणी कोणाला मारू नये, आडवं नाही, उभं नाही, तिरकंही नाही. नाईकाने तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीन बुद्धिबय खेयते, त मंग पोरगं काय करते?"

मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. (या प्रश्नाचं उत्तर तुलाही लगेच येणार नाही, विचार करून पाहा.) आठ दिवसांनी निरोप आला की पोरगा एक तर खोटं बोलतो नाही तर रिकामा बसतो, आणि दोन्हींपैकी कोणालाच आम्ही मुलगी देत नसतो.

मी मानोऱ्याला इब्राहीमभाई शिंप्यांकडे गेलो. दर बाजाराच्या दिवशी आमचा डाव होतो, त्यामुळे वजिराच्या बाबतीत त्यांचा शब्द मी शेवटचा मानतो. त्यांनी फळीवर खडूने पट आखला आणि सदऱ्याची आठ बटणं घेऊन बसले. सात बसायची, आठवं मरायचं. असं नऊ दिवस चाललं. त्या काळात एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. शेवटी ते म्हणाले की हे होणं नाही, तुमच्या भावाला कोणीतरी बनवलं आहे. तेव्हा मी तुझ्या पत्रातला दुसरा कागद काढला, ज्यावर मशीनला द्यायचे हुकूम तू एकाखाली एक लिहिले होतेस. वर तूच लिहिलं होतंस की मशीनला स्वतःची अक्कल नसते, सांगितलं तेवढंच ते करतं. मी म्हटलं, अशी माणसं मिळवायला कलकत्त्याला कशाला जायचं?

मशीनऐवजी माणसांकडून हे कोडं सोडवून दाखवतो, असा निरोप मी नाईकाला धाडला. त्याने एकच अट घातली. जे काय दाखवायचं ते त्याच्या खळ्यात, साऱ्या तांड्यासमोर, ऊन चढायच्या आत दाखवायचं. नाही जमलं तर पुन्हा सोयरिकीचा शब्द काढायचा नाही. गेल्या रविवारी सकाळी इब्राहीमभाईंनी आपल्या कपडे मापायच्या फितीने खळं मोजलं आणि चुन्याने चौसष्ट घरं आखली. आठ ओळी, ओळीत एक माणूस. हुकूम साधा: आपल्या ओळीच्या पहिल्या घरात उभं राहायचं, आधीच्या कोणाचा मार बसत असेल तर एक घर पुढे, आणि मार चुकला की थांबायचं, मग पुढच्या ओळीतल्याने यायचं. इब्राहीमभाई बैलगाडीवर उभे राहून "मारला" किंवा "बसला" एवढंच बोलणार. पहिल्या ओळीत कोण, हा प्रश्नच नव्हता. नाईकाच्या आधी कोणी उभं राहत नाही. सहाव्या ओळीत मी आपल्या प्रेमसिंगला (तुझ्या वहिनीचा भाऊ, स्वभाव तुला माहीत आहे) ठेवला, आणि सगळ्यांकडून शपथ घेतली की कागदाबाहेर जायचं नाही.

पाचजण झटपट बसले. प्रेमसिंग आला. पहिलं घर, मारला. दुसरं, मारला. असं आठही घरांत झालं. कागदात तर एवढंच होतं की मार बसला तर एक घर पुढे. प्रेमसिंग चुन्याची रेघ ओलांडून पुढे गेला आणि नाईकाघरच्या वाळत घातलेल्या गोवऱ्यांवर उभा राहिला. तिथे त्याला कोणाचाच मार बसत नव्हता. इब्राहीमभाई खोटं बोलत नाहीत. त्यांनी आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसला."

तांडा हसला. नाईक हसला नाही. त्याने खाली ठेवलेली काठी उचलली. मी कागद उलटापालटा केला, पण पट कुठे संपतो हे तू मशीनला सांगितलेलंच नव्हतंस. तेवढ्यात दारात हरभरा निवडत बसलेली गोमतीबाई मान वर न करता म्हणाली, "दादा, गोवऱ्यावरून उतरा. घरं सरले त ओळीबाहेर जाऊन थांबाचं, अन् आपल्या आंदीच्या ओळीतल्याले एक घर सरकवाचं. मंग पुन्हा पह्यल्यापासून."

नाईकाने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काठी परत खाली ठेवली.

त्यानंतर अडीच तास खळं चाललं. मधल्या ओळीतल्यांचे सदरे भिजले, आठव्या ओळीतला म्हातारा बहुतेक वेळ निंबाखालीच बसून होता, आणि दुसऱ्या ओळीतल्याला एकदा बसल्यावर साऱ्या खेळात दोनदाच सरकावं लागलं. इब्राहीमभाईंचा आवाज बसला. अखेर तो म्हातारा चौथ्या घरात येऊन थांबला. इब्राहीमभाई गाडीवरून उतरले, प्रत्येक जोडीमध्ये फीत ताणून दोनदा तपासलं, चष्मा पुसला आणि अगदी हळू म्हणाले, "बसला." पुढची ओळ नव्हतीच. हे ध्यानात यायला आम्हाला एक क्षण लागला, आणि मग प्रेमसिंगने मला मिठी मारली. (गोवऱ्यांसकट.)

आता ऐक. एवढ्या साऱ्या खेळात नाईक पहिल्या ओळीच्या पहिल्या घरातून एकदाही हलला नाही. हलावंच लागलं नाही. हात धुऊन तो मला म्हणाला, "मास्तर, मले मांगं नाई सरकवलं न् पुढं नाई ढकललं, असे सोयरे पह्यल्यांदा पाह्यले." सोयरीक त्याने तिथल्या तिथे पक्की केली. तो पहिल्या घरात असताना उत्तर निघालं नसतं तर त्यालाही सरकावं लागलं असतं, हे मी बोललो नाही.

पोटाला जप. आईचा आशीर्वाद.

तुझा
हेमसिंग

ता. क. कागदातली चूक मुद्दाम ठेवली होती, मुलीची पारख करायला, असं मी सर्वांना सांगितलं आहे. नाईकाखेरीज कोणाला पटलं नाही. तू मात्र तसंच सांग.

पुन्हा ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. सगळे उभे असताना गोमतीबाई पाण्याची घागर घेऊन खळ्याच्या पलीकडच्या बाजूला गेली, तिकडून पाहिलं आणि मला विचारलं, "इकडून हे मांडणं दुसरंच दिसते. त्यायचं मशीन हे एक धरते का दोन?" बावीस वर्षं मास्तरकी करून मी म्हणालो की भावाला विचारतो. तेव्हा नीट ध्यानात घे: होकार नाईकाचा आला आहे, तिचा तुझ्या उत्तरानंतर यायचा आहे. उत्तर येत नसेल तर येत नाही असं लिहा, तेही चालेल, असा तिचा निरोप आहे. मशीनला विचारून कळवतो, असं मात्र लिहू नको.