पांढरा की तांबूस

बाबा,

रविवारी येऊरच्या जंगलात पक्षी बघायला नेते, त्या माझ्या गटात एक आजोबा होते. मुलाने त्यांना आणलं होतं की त्यांनी मुलाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सागावर हळद्या बसला होता. मी बोट न दाखवता, तुम्ही शिकवलंत तसं, घड्याळाच्या भाषेत सांगितलं: झाड म्हणजे घड्याळ धरा, दहा वाजता जी फांदी आहे तिच्या टोकाला बघा. सगळ्यांच्या माना वळल्या आणि ‘दिसला, दिसला’ सुरू झालं. आजोबाही म्हणाले, ‘दिसला.’ आणि ते बघत होते भलतीकडेच, खाली, चारच्या काट्याकडे. गटातलं कोण खरं बोलतंय आणि कोण बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून ‘दिसला’ म्हणतंय, हे मला आता नुसत्या आवाजावरून कळतं. पण त्यानंतर माझं लक्ष काही थाऱ्यावर राहिलं नाही. एक पोरगा सारखा मागे लागला होता, ‘मॅडम, बिबट्या भेटेल का? एक फोटो तरी पायजे यार.’ एरवी मी त्याला चांगला झाडला असता. रविवारी नुसतं ‘बघू’ म्हटलं आणि पुढे चालत राहिले.

तुम्ही डोंबिवलीला एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत होतात आणि तुमचं काम रंग जुळवायचं. गिऱ्हाइकाने पाठवलेली कापडाची चिंधी आणि कंपनीत निघालेला रंग खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरायचा आणि सांगायचं, जमलं की नाही. तुमच्या नखांच्या कडा कधी जांभळ्या असायच्या, कधी हिरव्या. आईला वाटायचं, हा माणूस सुट्टीच्या दिवशी तरी डोळे मिटून पडेल. तुम्ही मात्र सोसायटीतली पोरं गोळा करून पहाटेच बाहेर पडायचात. सुरुवातीला तुम्हाला पक्ष्यांची नावं फारशी येत नव्हती, पुस्तक पुष्कळ नंतर घरात आलं. तुम्ही पक्षी रंगावरून ओळखायचात आणि रंगावरूनच लक्षात ठेवायचात. शहाडला नदीवर खंड्या सूर मारून वर आला, तेव्हा तुम्ही त्याच्यामागे काठाकाठाने चालत गेलात. मग म्हणालात, ‘हा निळा आमच्याकडे निघायचा नाही. साहेबाने जन्म घालवला तरी नाही.’ कंपनीवर सूड उगवल्यासारखा आनंद झाला होता तुम्हाला.

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. भोपरच्या टेकडीवर आपण सगळे उभे आहोत. बाकीच्या पोरांना पक्षी दिसतोय, मला काही केल्या दिसत नाही. मी म्हणते, ‘दिसला.’ तुम्ही वाकून माझ्या तोंडाजवळ तोंड आणता आणि विचारता, ‘रंग सांग.’ मी ठोकून देते, ‘हिरवा.’ ‘अगं, घार आहे ती! हिरवी घार कुठल्या गावची?’ पोरं खिदळतात आणि मी भोकाड पसरते. तुम्ही जवळ वगैरे घेतलं नाहीत, तो तुमचा स्वभावच नव्हता. सगळ्यांना तिथेच मातीत बसवलंत आणि म्हणालात, ‘हसायला काय झालं? न दिसणं हा काय गुन्हा आहे? नाही दिसला तर नाही दिसला म्हणायचं. बाकीचे थांबतील. थांबायलाच आलोय आपण.’ मग ती घार परत येईपर्यंत आपण खरोखरच बसून राहिलो. आली, मी पाहिली, तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं, ‘तपकिरी.’ तुम्ही नुसती मान हलवलीत.

पुढे मी बँकेत लागले आणि रविवारी येऊरला लोकांना घेऊन जायला लागले, तेव्हा तुम्ही गटाच्या शेवटी चालायचात. कुणी मागे राहिलं तर सांभाळून आणायचात. त्याच सुमारास कंपनीत तुम्ही रंगाचं काम सोडून स्टोअरमध्ये बदली मागून घेतलीत. आम्हाला वाटलं, साहेबाशी वाजलं असणार. मग एक दिवस दुर्बीण माझ्या गळ्यात घालून म्हणालात, ‘आता तूच वापर. मान दुखते माझी.’ केवढी फुशारले मी! मानेला काही झालं नव्हतं. काचबिंदू कधीपासून होता, ते पुढे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आईने तुमच्याशी दोन दिवस अबोला धरला. कडेची नजर आधी जाते, मधली बऱ्याचदा टिकते, असं ते म्हणाले होते. माणूस नळीतून बघितल्यासारखं बघतो. त्या ‘मधली टिकते’वर मी अजून जगते आहे.

त्यानंतरही तुम्ही येतच राहिलात. मी पक्षी दाखवायचे आणि मागून तुमचा आवाज यायचा, ‘दिसला.’ नुसता ‘दिसला’. ज्या माणसाने जन्मभर आधी रंग सांगितला आणि मग नाव, तो आता रंगाबद्दल चकार शब्द काढत नव्हता. मला कळत होतं, बाबा. तुमच्यासारखंच वाकून मला विचारता आलं असतं, ‘रंग सांगा.’ पण तुम्हाला उत्तर देता आलं नसतं आणि पुढच्या रविवारी तुम्ही काहीतरी निमित्त काढून घरीच बसला असतात. मला तुम्ही मागे चालत हवे होतात, पक्षी दिसो न दिसो.

शेवटच्या खेपेला थंडी होती. ओढ्यापाशी, पाणी आटून डबकं उरतं तिथे, स्वर्गीय नर्तक आला होता. या नावाची तुम्ही नेहमी टर उडवायचात, ‘नाटक कंपनी वाटते.’ लांबलचक शेपटीचा नर. पूर्ण वाढलेला नर पांढराशुभ्र असतो, तरुण असतो तो तांबूस. माझ्यासमोर होता तो तांबूस, अगदी विटेच्या रंगाचा. गटातल्या प्रत्येकाने तो पाहिला. मग मागून तुमचा आवाज आला, ‘दिसला.’ आणि थोडं थांबून, कितीतरी दिवसांनी, न विचारता: ‘पांढरा.’

मी वळून बघितलं. तुम्ही आमच्यासारखे समोर नाही, जरा डावीकडे, बांबूच्या बेटाकडे बघत होतात. मी तिकडे दुर्बीण फिरवली तोवर तिथे फक्त पानं हलत होती. घरी आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होतात, बोटांनीच चाचपून, एकही दाणा न सांडता. आईला सांगत होतात, ‘आज पांढरा पाहिला. शेपूट म्हणजे नुसती रेशमी फीत. आणि असा पांढरा, की निळीचा थेंबही नको.’ आईने माझ्याकडे बघितलं. ‘खरंच?’ मी म्हटलं, ‘हो.’ तुम्ही खूश होऊन आणखी एक शेंग उचललीत. पुढचे रविवार आपल्याला मिळाले नाहीत.

म्हणून त्या डबक्यापाशी मी प्रत्येक गटाला जरा जास्तच थांबवते. लोकांना वाटतं, मॅडम काहीतरी खास दाखवणार. मी बांबूत बघत असते. पांढरा आणि तांबूस एकाच वेळी तिथे दिसले, तर त्या दिवशीही तसे दोन असतील, एवढं तरी मला स्वतःला सांगता येईल. त्याने सिद्ध काहीच होणार नाही, हे कळतं मला. इतक्या हिवाळ्यांत कधी हा दिसला, कधी तो. दोघं एकत्र अजून नाहीत. तुम्ही असतात तर आता मी न भिता विचारलं असतं. रंग नाही, तो तुम्ही सांगितलातच. खरंच दिसला होता का, की माझी रविवारची फेरी मोडू नये म्हणून म्हणालात, एवढंच. फार आठवण येते तुमची. ओढ्यापाशी तर इतकी, की मागून कुणी ‘दिसला’ म्हटलं की मला ताबडतोब वळता येत नाही.

रविवारी परतताना त्या आजोबांनी सहज विचारलं, ‘ही आवड कुणाची? वडलांची का?’ मी हो म्हटलं. मग त्यांनी न विचारताच मी पुढचंही सांगून टाकलं, जे मी दर गटात कुणाला ना कुणाला सांगत असते: माझ्या बाबांनी शेवटचा पाहिला तो पांढरा नर, इथेच, ओढ्याजवळ. आजोबा म्हणाले, ‘भाग्यवान हो.’ मीही म्हटलं, हो ना. हे तुम्हाला कळवायचं नव्हतं, पण पत्र कुठे जायचंच नाही, तर लिहायला हरकत नाही. त्या दिवशीच्या तांबूस नराबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही.