आजोबांची स्कूटर, बापाची व्हॅन

प्रिय नकटे,

तुझा फोन आला तेव्हा हातात ओल्या चादरी होत्या, म्हणून नुसतं हं हं केलं. आजोबांची स्कूटर ठेव आणि बाबांची व्हॅन विकून टाक, म्हणालीस. आता लाँड्रीत गिऱ्हाईक नाही, तर नीट उत्तर लिहिते.

तुला स्कूटर आवडते, कारण तुला ती कधी ढकलावी लागली नाही. तुझे आजोबा रोज सकाळी तिला एका अंगावर कलती करायचे, पेट्रोल उतरावं म्हणून, आणि मग लाथांवर लाथा. तिला राणी म्हणायचे. मला उभ्या जन्मात कधी म्हणाले नाहीत. मागे चादरींचं गाठोडं आणि गाठोडं धरायला मी. एखादी चादर लोंबून चाकाला घासली की काळा पट्टा, की ती पुन्हा टबात, आणि टबाशी पुन्हा मीच. व्हॅन आली आणि तो जाच संपला. आत दांडी आहे, शर्ट टांगून जातात, दार लावलं की धूळ बाहेर. दिसायला डबा आहे, मान्य. पण तिला काय आपण सून करून आणली नव्हती.

पहिल्याच थंडीत ती सुरू होईना. तुझे आजोबा बाहेर आले आणि म्हणाले, एका बाजूनं उचला रे, कलती करा तिला. शेजारचा घड्याळवाला, मी, दोन गिऱ्हाइकं, सगळे खांदा लावून उभे. तुझा बाप खाली उतरला आणि हसून हसून रस्त्यातच बसला. आजोबा म्हणाले, हसतोस काय गाढवा, तूही हात लाव.

त्याच व्हॅनमध्ये गेला तुझा बाप. हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी, इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून. चादरी आत येईनात म्हणून नर्सनं डोकावून बघितलं. तुला ती गाडी डोळ्यांसमोर नको, हे कळतं मला. मला मात्र काही होत नाही. रडू येत नाही. भूक लागते, जेवते. इस्त्री तापते, फिरवते. लोक तोंडाकडे बघतात, बघू देत.

स्कूटर काल घड्याळवाल्याला देऊन टाकली. व्हॅन राहील, हॉस्पिटलच्या चादरी कुणासाठी थांबत नाहीत. ड्रायव्हर ठेवलाय. माणूस बरा आहे, पण बुटका. पाठीशी उशी घेऊन चालवतो, कारण सीट तुझ्या बापाच्या लांब पायांच्या मापानं मागे गेलेली आहे आणि मी ती हलवू देत नाही. त्यानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी अंगावर धावून गेले. परवा त्याचा पाय ब्रेकवर पोचला नाही, गाडी भिंतीला घासून आली. उद्या भिंतीच्या जागी माणूस असेल. सीटखाली एक खटका आहे, तेवढा दाबून ती पुढे ओढायची. मी गेले होते. वाकले, पण हात खाली जाईना. म्हणून लिहिलं. तू रविवारी ये आणि ती सीट पुढे घे.

तुझीच,
म्हातारी